गादीची पारख



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'गादीची पारख' असे छापलेले पाहून काही मंडळींची थोडी फसगत झालेली दिसते. आत येताना दारातच एका गृहस्थांनी मला विचारले, "काय, आज कोणाची गादी हलवणार?" कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो कोणाची तरी गादी हलवणारच, असा लोकांचा समज असतो. मी त्यांना म्हटले, की आज मी कोणाचीही गादी हलवणार नाही. ज्या गादीवर आपण रोज रात्री पाठ टेकतो तिच्याविषयीच बोलणार आहे. त्यातही बाजारात जिला लेटेक्सची गादी म्हणतात, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकापासून केलेली गादी, ती घेताना कशी पारखावी आणि मागितलेल्या किमतीला ती लायक आहे की नाही हे कसे ठरवावे, एवढाच माझा विषय आहे.

या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले. मी विद्वान नाही. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते कारखान्याच्या कँटीनमध्ये, सार्वजनिक वाचनालयात आणि मालकांच्या समोरच्या खुर्चीवर बसून. तेव्हा विषय निवडताना मी ठरवले, की ज्यात मी स्वतः ठेच खाल्ली आहे त्याविषयीच बोलावे.

विषय किरकोळ वाटेल, पण तो तसा नाही. माणूस आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा अंथरुणावर काढतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांच्या मागण्या मांडल्या. आठवड्यातून एक दिवस सुटी मिळावी ही त्यांतली एक प्रमुख मागणी होती. ती रविवारची सुटी पदरात पडायला १८९० साल उजाडले. विश्रांती कोणी आपण होऊन दिली नाही, ती झगडून मिळवावी लागली. मग एवढ्या कष्टाने मिळवलेली विश्रांती आपण कशावर घेतो, याचा विचार करायला काय हरकत आहे? आपले वाडवडील सांगत आले, 'अंथरूण पाहून पाय पसरावे.' सांगणे शहाणपणाचे आहे. पण अंथरूण पाहावे कसे, हे मात्र आपल्याला कोणी शिकवले नाही.

आता माझी ठेच सांगतो. २०१५ साली आमच्या कारखान्यात चौदा महिन्यांच्या वाटाघाटीनंतर वेतनकरार झाला आणि फरकाची रक्कम एकदम हातात आली. माझी पत्नी दुसऱ्या एका कारखान्यात पॅकिंगच्या खात्यात उभ्याने काम करीत असे. संध्याकाळी घरी आली की कमरेला हात लावूनच उंबरा ओलांडायची. घरात कापसाची जुनी गादी होती. पूर्वी दारावर पिंजारी यायचा, धुनकी वाजवून कापूस मोकळा करून द्यायचा. तो यायचा बंद झाल्यापासून त्या गादीचे गोळे झाले होते. मी ठरवले, की फरकाच्या पैशातून पहिली वस्तू घ्यायची ती हिच्यासाठी चांगली गादी. मोठ्या झगमगीत दुकानात गेलो. 'नैसर्गिक लेटेक्स', 'दहा वर्षांची वॉरंटी', 'निम्म्या किमतीत' अशा पाट्या होत्या. हाताने दाबून पाहिले, मऊ लागले. चोवीस हजार रुपये मोजले आणि टेंपोत गादी घालून घरी आणली.

दीड वर्षात तिच्या बाजूला खड्डा पडला. तक्रार केली. कंपनीचा माणूस आला, गादीवर आडवी दोरी ताणली, पट्टी लावली आणि म्हणाला, "खड्डा एक इंच आहे. दीड इंचाच्या वर असेल तरच वॉरंटी लागू होते." मी वॉरंटीचे कार्ड काढून पाहिले. बारीक अक्षरात तसे खरोखरच छापले होते. बिल काढले. बिलावर 'मॅट्रेस, १ नग' एवढेच लिहिले होते. लेटेक्स हा शब्दही नव्हता. कोणत्या तोंडाने भांडणार?

त्या रविवारी कात्रीने शिवण उसवून मी ती गादी उघडली. वर एक इंच जाडीचा लेटेक्सचा थर होता. त्याच्याखाली साध्या फोमचा पट्टा, आणि सर्वांत खाली रंगीबेरंगी फोमच्या चिंध्या चिकटवून दाबलेला ठोकळा. पत्नी शेजारी उभी होती. ती चिडली नाही. एवढेच म्हणाली, "अहो, करारातला एकेक शब्द तुम्ही चष्मा पुसून वाचता. आणि या गादीचा एक शब्दसुद्धा वाचला नाहीत."

बंधुभगिनींनो, मालकाने मला इतके निरुत्तर कधी केले नव्हते. चौदा महिने भांडून जे मिळवले, त्यातला मोठा वाटा मी एका संध्याकाळी, हसतहसत, दुकानात देऊन आलो होतो. पगारवाढ ही कारखान्याच्या फाटकावर पूर्ण होत नाही. ती दुकानाच्या गल्ल्यापाशी टिकली तर खरी. हे मला त्या दिवशी समजले. मग मी या वस्तूचा अभ्यास सुरू केला. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न, लेटेक्स म्हणजे काय? रबराच्या झाडाच्या सालीला चीर दिली की दुधासारखा पांढरा चीक येतो, तो लेटेक्स. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. आपल्या देशात त्याची व्यापारी लागवड १९०२ साली केरळात पेरियार नदीकाठी तट्टेकाड येथे सुरू झाली. आजही देशातले बहुतेक रबर केरळातूनच येते आणि १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या रबर बोर्डाची मुख्य कचेरी कोट्टायमला आहे. पण हे झाड पाहायला तितके लांब जावे लागत नाही. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्ग तालुक्यात रबराच्या बागा आहेत. २०१७ च्या पावसाळ्यानंतर एका नातलगाच्या लग्नासाठी मी तिकडे गेलो होतो. पहाटे उठून बाग पाहायला गेलो.

तिथे एक कामगार डोक्याला बॅटरी बांधून झाडाझाडापाशी जात होता. हातातल्या वाकड्या सुरीने तो सालीवर तिरकी चीर देई. चीर अशी द्यायची, की साल तासली जावी पण आतल्या लाकडाला धक्का लागू नये. लाकूड दुखावले तर पुढे त्या जागी साल नीट भरून येत नाही. खाली बांधलेल्या वाटीत चीक थेंबथेंब पडत होता. काम पहाटेच का, असे विचारले तर म्हणाला, "ऊन चढलं की चीक कमी येतो, साहेब." झाड लावल्यावर सुमारे सात वर्षांनी चीक देऊ लागते. रोज त्याच झाडाला चीर देत नाहीत, त्याला मध्ये विसावा देतात. झाडाला विसावा देण्याची ही पद्धत पाहून मला आमच्या पाळ्यांची आठवण झाली. असो.

या चिकात रबराचा अंश साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो, बाकी बहुतेक पाणी. चीक गोठू नये म्हणून त्यात अमोनिया घालतात आणि यंत्रात वेगाने फिरवून तो दाट करतात, म्हणजे रबराचा अंश साठ टक्क्यांवर येतो. गादीच्या कारखान्यात जातो तो हा दाट चीक.

नुसते रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होते. त्यात गंधक घालून उष्णता दिली की ते टिकाऊ आणि लवचीक बनते, हा शोध १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला लागला. गादी करण्याची रीत त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९२९ साली, इंग्लंडमध्ये डनलॉप कंपनीत निघाली. म्हणून तिला आजही डनलॉप पद्धत म्हणतात. घरातल्या उदाहरणाने सांगायचे तर ढोकळ्यासारखा प्रकार आहे. चिकात साबण, गंधक वगैरे घालून तो खूप फेटतात, त्यात हवा भरते, फेस होतो. फेस गोठवणारे द्रव्य घालून तो साच्यात ओततात आणि वाफेवर शिजवतात. साच्यात वरखाली धातूच्या कांड्या असतात, त्यांच्यामुळे उष्णता आतपर्यंत पोचते. लेटेक्सच्या गादीला जी ओळीने भोके दिसतात ती या कांड्यांची. नंतर गादी बाहेर काढून पाण्याने पुन्हापुन्हा धुतात, पिळतात आणि वाळवतात.

हे धुणे लक्षात ठेवा. उरलेला साबण आणि इतर द्रव्ये धुण्यातच निघून जातात. धुण्याला पाणी लागते, वेळ लागतो, माणसे लागतात. आणि गिऱ्हाईकाला ते दिसत नाही. जे दिसत नाही त्यातच काटकसर करावी, हा मोह सगळ्या धंद्यांत असतो. कमी धुतलेल्या गादीला उग्र वास राहतो आणि ती लवकर खराब होते.

दुसरी एक पद्धत आहे, तिला तालालाय म्हणतात. तिच्यात साचा अर्धवट भरून, हवा ओढून घेऊन फेस फुगवतात, तो गोठवतात आणि मग शिजवतात. त्यामुळे गादी वरपासून खालपर्यंत एकसारखी होते. डनलॉप पद्धतीत जड कण थोडे खाली बसतात, म्हणून एक बाजू किंचित घट्ट असते. तालालाय महाग पडते. पण डनलॉप म्हणजे हलकी प्रत, असे कोणी सांगितले तर ऐकू नका. नीट केलेली डनलॉप गादी मजबूत असते.

आता बाजाराकडे वळू. गाद्यांच्या दुकानात चार-पाच वेगळ्या वस्तू शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि वरचे कापड सारखेच असते. एक काथ्याची गादी. नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून ती दाबून केलेली असते. तिच्यात रबर असते, पण ती लेटेक्सची गादी नव्हे. दुसरा साधा फोम. तो खनिज तेलातून निघणाऱ्या रसायनांचा असतो. तिसरा मेमरी फोम. तोही त्याच जातीचा. दाबला की खड्डा हळूहळू भरून येतो. चौथी कृत्रिम लेटेक्सची किंवा भेसळीची गादी. कृत्रिम रबराचा चीक कारखान्यात बनतो, आणि तो झाडाच्या चिकात मिसळून गादी करता येते. मिसळणे हा गुन्हा नाही. मिसळून 'नैसर्गिक' म्हणून विकणे ही लबाडी आहे. आणि पाचवी, पूर्ण नैसर्गिक लेटेक्सची. याखेरीज वर लेटेक्सचा पातळ थर आणि खाली दुसरेच काही, अशी माझ्या गादीसारखी मिश्र जात असतेच.

म्हणून दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. पहिला प्रश्न असा विचारा: "या गादीत एकूण किती इंच लेटेक्स आहे, आणि त्याच्याखाली काय आहे?" दुसरा: "त्या लेटेक्समध्ये झाडाचा चीक किती टक्के आणि कृत्रिम किती?" तिसरा: "हे बिलावर लिहून द्याल का?" तिसऱ्या प्रश्नाने पहिल्या दोन उत्तरांचा खरेखोटेपणा आपोआप कळतो. वाटाघाटीत आमचा अनुभव असाच आहे. साहेब तोंडी पुष्कळ कबूल करतात. कागद पुढे केला की घसा खाकरतात.

'लेटेक्ससारखा', 'लेटेक्सचा स्पर्श', असे शब्द दिसले तर समजावे की आत लेटेक्स नसण्याचाच संभव अधिक. प्रमाणपत्रांचेही तसेच. ओएको-टेक्स नावाचे एक प्रमाणपत्र असते. वस्तूत अपायकारक द्रव्ये ठरावीक मर्यादेपलीकडे नाहीत, एवढेच ते सांगते. माल नैसर्गिक आहे असे ते सांगत नाही. कृत्रिम मालालाही ते मिळू शकते. दुसरे गोल्स या नावाचे, सेंद्रिय लेटेक्सचे. त्यासाठी पंचाण्णव टक्क्यांहून अधिक कच्चा माल प्रमाणित सेंद्रिय असावा लागतो. प्रमाणपत्र दाखवले तर ते आतल्या लेटेक्सचे आहे की नुसत्या वरच्या खोळीचे, हे वाचून घ्या.

आता हाताने करावयाच्या परीक्षा. खोळीला चेन असेल तर ती उघडायला सांगा. उघडूच देत नसतील तर तिथून उठावे. आत भोके दिसली म्हणून लगेच भुलू नका. फोमलाही भोके पाडता येतात. मूठ रोवून दाबा. लेटेक्स हात काढताच तत्काळ पूर्ववत होते. कडेची बाजू नीट पाहा, थर किती आणि सांधे किती ते मोजा. अंगठ्याने जोरात चोळा. बोटाला पीठ लागले किंवा कण सुटले, तर आत खडूसारखी पूड भरल्याचा किंवा माल जुना झाल्याचा संशय धरावा. वास घ्या. नव्या फुग्यासारखा मंद वास असला तर हरकत नाही, काही दिवसांत तो जातो. डोके उठवणारा वास असला तर घेऊ नका. जाडी स्वतः टेपने मोजा, आणि ती खोळीसकट नव्हे, आतल्या गाभ्याची.

यापुढची परीक्षा मला सगळ्यांत आवडते, कारण तिला काट्यापलीकडे काही लागत नाही. ती म्हणजे वजन. दुकानदार घनतेचा आकडा सांगतात, ऐंशी, पंच्याऐंशी. याचा अर्थ एक घनमीटर मालाचे वजन इतके किलो. आता सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि सहा इंच जाड गादी जवळजवळ पाव घनमीटर भरते. म्हणजे आकड्याला चाराने भागायचे. घनता ऐंशी असेल तर गाभ्याचे वजन सुमारे वीस किलो यायला हवे. पाच फूट रुंद असेल तर चौतीस किलोच्या आसपास. किलो-दीड किलो इकडेतिकडे होईल, पण वीसच्या जागी बारा किलो भरले, तर आत लेटेक्सखेरीज दुसरे काही आहे असे समजा. लेटेक्सची घनता साधारणपणे पासष्ट ते पंच्याण्णव असते, घरगुती गाद्यांचा साधा फोम बहुधा तिच्या निम्म्याहूनही कमी. मात्र नुसत्या वजनानेही भागत नाही. पूड भरून वजन वाढवता येते. म्हणून वजन आणि चोळणे या दोन्ही परीक्षा बरोबर करायच्या.

२०१८ साली दुसरी गादी घ्यायला निघालो तेव्हा एका दुकानात मी वजनकाटा मागितला. तिथला पोरगा हसून म्हणाला, "काका, गादी कोण वजन करून घेतं? ही काय भाजी आहे?" मी म्हटले, "बाळा, भाजी दोन दिवसांत संपते. ही दहा वर्षे पाठीखाली राहणार आहे." त्याने काटा दिला नाही, आम्ही गादी घेतली नाही. तिसऱ्या दुकानातले वृद्ध गृहस्थ मात्र आपण होऊन म्हणाले, "वरच्या रांगेत आहेत त्यांच्यात लेटेक्स दोनच इंच आहे, साहेब. पूर्ण हवी असेल तर आत गुदामात चला, काटाही तिथेच आहे." सगळे दुकानदार लबाड असतात असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. पण प्रामाणिक दुकानदार कोण हे कळायलासुद्धा आपल्याला प्रश्न विचारता आले पाहिजेत.

घनता म्हणजे कडकपणा नव्हे, हा घोटाळा पुष्कळांचा होतो. घनतेने टिकाऊपणाचा अंदाज येतो; मऊ की कडक, हा वेगळा गुण. कंबर दुखणाऱ्याने फळीसारख्या कडक अंथरुणावर निजावे, असे आपण ऐकत आलो. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांवर यासंबंधी प्रयोग झाला आणि तो २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काहींना कडक गाद्या दिल्या, काहींना मध्यम कडक. तीन महिन्यांनी मध्यम कडक गादीवाल्यांना अधिक आराम वाटला. म्हणून ज्याची पाठ, त्याने निजून पाहावे. दुकानात कोपऱ्यावर बसून उठू नका. चपला काढून, घरी ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर, पंधरा-वीस मिनिटे पडून राहा. लोक पाहतात म्हणून लाजू नका. माझी पत्नी आधी संकोचली. मग डोळे मिटून पडली, ती मी हाक मारीपर्यंत उठली नाही. तिने निवडली ती सर्वांत महागही नव्हती आणि सर्वांत जाडही नव्हती. रबराची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आता किमतीचा हिशोब. निम्म्या किमतीची पाटी पाहून मी भुललो होतो. वास्तविक हा डाव मला पाठ असायला हवा होता. मालक आधी फार मोठी मागणी पुढे करतो आणि मग त्यातली अर्धी सोडून उदारपणा दाखवतो. सूट किती हे पाहू नका. रात्रीमागे किती पडले ते पाहा. माझी पहिली गादी चोवीस हजारांची, टिकली दीड वर्ष, म्हणजे सुमारे साडेपाचशे रात्री. एका रात्रीला जवळजवळ चव्वेचाळीस रुपये पडले. दुसरी अडतीस हजारांची. दहा वर्षे टिकली तर एका रात्रीला साडेदहा रुपयांच्या आत. परंतु न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की सहा हजारांची साधी फोमची गादी चार वर्षे टिकली तर रात्रीला चारच रुपये पडतात. तेव्हा लेटेक्स सर्वांत स्वस्त पडते हे खरे नाही. ती घ्यायची तर अधिक आरामासाठी आणि अधिक टिकण्यासाठी. ज्यांना परवडत नाही त्यांनी कर्ज काढून घेऊ नये. चांगल्या कापसाची, नीट पिंजलेली गादी ही काही कमीपणाची वस्तू नाही. खोटी लेटेक्स घेण्यापेक्षा खरा कापूस केव्हाही बरा.

वॉरंटी वाचताना तीन गोष्टी पाहाव्या. खड्डा किती इंचांचा झाल्यावर ती लागू होते. गादी बदलून देताना वर्षागणिक किती रक्कम कापतात. आणि नेण्याआणण्याचा खर्च कोणावर. दहा वर्षे हा आकडा मोठ्या टाइपात असतो, अटी बारीक टाइपात. करार नेहमी बारीक टाइपापासून वाचायला सुरुवात करावी, हे मी आमच्या तरुण कार्यकर्त्यांना शिकवतो; आता गिऱ्हाइकांनाही सांगतो. बिलावर लेटेक्सचे इंच, टक्के आणि घनता लिहिलेली असली की तुमच्या हातात शस्त्र आले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ती दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. १९१५ या दूरध्वनी क्रमांकावर सल्लाही मिळतो. पण 'मॅट्रेस, १ नग' एवढ्या बिलावर कायदा तरी काय करणार?

घरी आणल्यावर एक सवय मात्र मोडावी लागेल. आपल्याकडे गादीला ऊन देण्याची चाल आहे. कापसाला ते उत्तम. लेटेक्सला ते विष. उन्हाने रबर पिवळे पडते, ठिसूळ होते आणि त्याचा भुगा होऊ लागतो. तिला सावलीतला वारा द्यावा. आपल्या घरातल्या पेटीच्या पलंगाला खालून हवा लागत नाही, आणि पावसाळ्यात तिथे दमट होते. म्हणून अधूनमधून गादी उभी करून ठेवावी आणि काही महिन्यांनी डोक्याची बाजू पायाकडे फिरवावी. ती जड असते. एकट्याने ओढू नका, दोघांनी उचला. आमच्या गादीची एक कड, मी रोज जिथे बसून बूट घालतो तिथे, थोडी नरम झाली आहे. बाकी गादी अजून सपाट आहे.

शेवटी एक सांगतो आणि पुरे करतो. दोडामार्गच्या त्या पहाटेनंतर माझ्या ध्यानात आले, की खोट्या लेटेक्समध्ये मी एकटाच फसलो नव्हतो. बाकीचे जग झोपेत असताना उठून जो माणूस झाडाला चीर देतो, त्याच्या चिकाच्या नावावर चिंध्यांचा ठोकळा खपवला गेला, म्हणजे तोही फसला. जो कारखानदार गादी नीट धुतो, पुरता माल घालतो, तोही फसला, कारण त्याचा माल महाग ठरून मागे पडतो. माल पारखून घेणारे गिऱ्हाईक आपला पैसा तर वाचवतेच, पण इमानाने काम करणाऱ्याच्या पाठीशीही उभे राहते. संघटना म्हणजे नुसता मोर्चा नव्हे. दुकानात उभे राहून, आवाज न चढवता, "हे बिलावर लिहून द्या," एवढे म्हणणे हेही संघटनेचेच काम आहे, आणि ते तुम्हा आम्हा सर्वांना उद्या सकाळपासून करता येण्यासारखे आहे.

दुसरी गादी घरी आली त्या रात्री मी पत्नीला विचारले, "कशी आहे?" उत्तर आले नाही. ती झोपली होती. माझ्या सगळ्या हिशोबाची तीच पावती, असे मी मानतो.